हजेरीपटावर नाव आहे, काम माहीत नाही: अनोळखी प्रथिनं आणि हौशी संशोधक

२०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल प्रथिनांच्या वाट्याला आलं. निसर्गात नसलेली प्रथिनं संगणकावर रचल्याबद्दल अर्धं पारितोषिक डेव्हिड बेकर यांना मिळालं. उरलेलं अर्धं प्रथिनांचा आकार ओळखणाऱ्या 'अल्फाफोल्ड' या एआय प्रणालीबद्दल डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना. पन्नास वर्षांचं कोडं सुटलं, अशा बातम्या आल्या. त्या वाचून कुणालाही वाटेल की प्रथिनांचा विषय आता संपला.

तो संपलेला नाही. आपल्याच शरीरातली हजारो प्रथिनं नक्की काय करतात, हे आजही कुणाला धड सांगता येत नाही. आणि गंमत अशी, की या अंधाऱ्या भागात शिरलेल्यांमध्ये जीवशास्त्राची पदवी नसलेले, फावल्या वेळात गेम खेळणारे लोकही आहेत. त्यांचा खरंच उपयोग होतो का, की ही नुसती हौस आहे?

प्रथिन म्हणजे नेमकं काय?

आहाराच्या गप्पांमधलं 'प्रोटीन' थोडा वेळ बाजूला ठेवू. पेशीच्या आत जवळपास प्रत्येक काम प्रथिनंच करतात: अन्नाचं विघटन, प्राणवायूची ने-आण, जंतूंशी सामना, डीएनएची दुरुस्ती. प्रत्येक प्रथिन ही अमिनो आम्लांची लांब साखळी असते. अमिनो आम्लं मुख्यतः २० प्रकारची. ती कोणत्या क्रमाने जोडायची याची नोंद डीएनएच्या ज्या तुकड्यात असते, ते जनुक. साखळी तयार झाली की ती स्वतःभोवती वळत, दुमडत एक ठरावीक आकार घेते. या आकाराला घडी म्हणतात, आणि प्रथिनाचं काम बरंचसं या घडीवर अवलंबून असतं.

माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं साधारण २०,००० आहेत. मानवी जनुकसंचाचा आराखडा २००१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि प्रकल्प २००३ मध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. तेव्हापासून यादी आपल्या हातात आहे. पण यादी म्हणजे माहिती नव्हे.

वीस हजार माणसांच्या एका प्रचंड कचेरीचा हजेरीपट तुमच्या हाती आला आहे, असं समजा. नावं सगळी आहेत. काहींची कामं तोंडपाठ आहेत: हा रोखपाल, ही टपाल बघते. पण पुढे पानंच्या पानं अशी, की नावासमोरचा कामाचा रकाना कोरा. माणूस रोज येतो, कुठल्यातरी टेबलाशी बसतो, पगार घेतो, पण करतो काय? हे शोधायला चार वाटा आहेत. त्याचा फोटो बघायचा, म्हणजे प्रथिनाचा आकार. तो कुठे बसतो ते बघायचं, म्हणजे पेशीतली जागा. कुणाशी बोलतो ते बघायचं, म्हणजे इतर प्रथिनांशी असलेला संबंध. आणि चौथी वाट सगळ्यात उपयोगाची: त्याला सक्तीच्या रजेवर पाठवून काय अडतं ते बघायचं. प्रयोगशाळेत यासाठी ते जनुक बंद करतात.

कोरे रकाने खरंच इतके आहेत?

आहेत. २०१६ मध्ये अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने एक जिवाणू जवळपास नव्याने घडवला आणि त्यातून जगण्यासाठी अनावश्यक वाटणारं प्रत्येक जनुक काढून टाकलं. शेवटी ४७३ जनुकं उरली. ही पेशी मुद्दाम साधी, स्वतः जुळवलेली, अनावश्यक काहीही न ठेवलेली. तरी त्या ४७३ पैकी १४९ जनुकांचं काम त्यांना सांगता आलं नाही. ती काढली की पेशी मरते किंवा जेमतेम वाढते, एवढंच कळलं.

माशीवरचा प्रयोगही असाच बोलका आहे. ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी अनोळखी प्रथिनांची 'अननोम' नावाची सूची केली. त्यातली माणसात आणि फळमाशीतही आढळणारी २६० जनुकं निवडून ती माशीत एकेक करून दडपली. २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आले. जवळपास चतुर्थांश जनुकांच्या बाबतीत माशीचं जगणंच अवघड झालं होतं. म्हणजे ज्यांना आपण ओळखतही नव्हतो, त्यांच्यावाचून चालत नव्हतं.

माणसातलं उदाहरण द्यायचं तर 'सी-नाइन-ओआरएफ-७२' घ्या. हे नाव नसून पत्ता आहे: नवव्या गुणसूत्रावरची प्रथिन बनवू शकेल अशी बहात्तरावी जागा. काम माहीत नव्हतं म्हणून जागेचा क्रमांकच नाव झाला. २०११ मध्ये दोन संशोधन गटांनी दाखवलं की याच जनुकातला एक बिघाड एएलएस हा स्नायू निकामी करणारा आजार आणि एक प्रकारचा स्मृतिभ्रंश यांच्यामागे वारंवार सापडतो. त्यानंतर या जनुकावर शोधनिबंधांचा पाऊस पडला. बिघाड त्याआधीही रुग्णांच्या शरीरात होताच, आपलं लक्ष नव्हतं.

मग शास्त्रज्ञ तिकडे बघत का नाहीत?

मला या विषयातला हा सगळ्यात रोचक भाग वाटतो, कारण इथे अडचण तंत्रज्ञानाची कमी आणि माणसांची जास्त आहे.

२०११ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत ॲलेड एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी एक हिशेब मांडला. प्रथिनांवरचं ७५ टक्के संशोधन अजूनही त्याच १० टक्के प्रथिनांवर चाललं आहे, जी जनुकसंच वाचण्याआधीपासून माहीत होती. यादी हाती आली, तरी लोक ओळखीच्याच टेबलांपाशी घुटमळत राहिले. कर्करोगाशी निगडित 'टीपी-५३' या एकाच जनुकावर २०१७ पर्यंत सुमारे साडेआठ हजार शोधनिबंध झाले होते.

याला आळस म्हणणं अन्यायाचं होईल. ओळखीच्या प्रथिनावर काम करायचं तर त्याला चिकटणारी प्रतिपिंडं विकत मिळतात, त्याचं जनुक बंद केलेले उंदीर मिळतात, संदर्भ मिळतात. अनोळखी प्रथिनासाठी ही सगळी तयारी स्वतः करावी लागते. अनुदानाच्या अर्जात 'हे प्रथिन महत्त्वाचं का?' असा प्रश्न असतो. त्याचं खरं उत्तर 'माहीत नाही, म्हणूनच तर बघायचंय' असं असलं, तरी ते लिहून पैसे मिळत नाहीत. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की सर्वांत कमी अभ्यासलेल्या जनुकांवर काम करणाऱ्या तरुण संशोधकांची पुढे स्वतःची प्रयोगशाळा मिळण्याची शक्यता इतरांच्या निम्मी होती. घरचा हप्ता भरायचा असलेला माणूस अशा वेळी कोणतं जनुक निवडेल?

ज्याची नोकरी, बढती, अनुदान यातलं काहीच पणाला लागलेलं नाही, अशा माणसाला इथे जागा आहे. त्याच्याकडे प्रयोगशाळा नसते, पण कुठे बघायचं हे ठरवायला तो मोकळा असतो. लोकसहभागातून होणारं विज्ञान म्हणजे 'सिटिझन सायन्स' इथे उपयोगी पडतं ते मुख्यतः या मोकळीकीमुळे, असं माझं मत आहे. फुकट मनुष्यबळ मिळतं हा फायदा त्यानंतरचा.

गेम खेळून प्रथिन कसं सुटतं?

एक प्रकार आधीच बाजूला काढतो. २००० साली स्टॅनफर्डमध्ये सुरू झालेल्या 'फोल्डिंग ॲट होम'मध्ये लोक आपल्या रिकाम्या संगणकाची ताकद देतात आणि त्यावर प्रथिनांच्या हालचालींची गणितं चालतात. २०२० मध्ये कोविडच्या काळात इतके लोक सामील झाले की या जाळ्याची एकत्रित ताकद तेव्हाच्या सर्वांत मोठ्या महासंगणकालाही मागे टाकून गेली. काम मोलाचं आहे, पण त्यात देणारा वीज देतो, डोकं नाही.

डोकं लागतं ते 'फोल्डइट'ला. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या बेकर यांच्या गटाने संगणकशास्त्रज्ञांबरोबर हा गेम २००८ मध्ये आणला. पडद्यावर प्रथिनाची साखळी दिसते. ती ओढायची, पिळायची, दुमडायची. घडी जितकी स्थिर, तितके गुण जास्त. रसायनशास्त्राचे नियम गुणांच्या हिशेबात दडलेले असतात, त्यामुळे खेळणाऱ्याला ते माहीत असण्याची गरज नसते. चांगले खेळाडू एक गोष्ट करतात जी तेव्हाच्या प्रोग्रामना जमत नव्हती: पुढे मोठा फायदा दिसत असेल तर ते आधी मुद्दाम गुण घालवतात, अख्खी रचना मोडतात आणि पुन्हा बांधतात.

२०११ चा किस्सा प्रसिद्ध आहे. माकडांमध्ये एड्ससारखा आजार घडवणाऱ्या एका विषाणूचं प्रथिन दहा वर्षांहून अधिक काळ अडून बसलं होतं. स्फटिकावर क्ष-किरण टाकून मिळालेली मोजमापं हाताशी होती, पण त्यांचा अर्थ लावायला घडीचा बऱ्यापैकी बरोबर अंदाज लागतो, आणि तोच मिळत नव्हता. खेळाडूंनी तीन आठवड्यांत तो दिला. त्यावरून शास्त्रज्ञांनी रचना पूर्ण केली.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने मला २०१६ ची गोष्ट जास्त मोलाची वाटते. मिशिगन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी एक स्पर्धा लावली. एका प्रथिनाचा क्ष-किरणांतून मिळालेला धूसर नकाशा द्यायचा आणि त्यात साखळी अचूक बसवायची. एका बाजूला दोन प्रशिक्षित स्फटिकतज्ज्ञ, शिवाय ६१ पदवीपूर्व विद्यार्थी आणि दोन संगणकीय प्रोग्राम, आणि समोर ४६९ फोल्डइट खेळाडू. सर्वांत अचूक रचना खेळाडूंच्या एका गटाची निघाली.

स्पर्धेसाठी निवडलेलं प्रथिन यीस्टमधलं होतं. त्याचं नाव 'वायपीएल-०६७-सी', हाही पत्ताच: सोळाव्या गुणसूत्राची डावी भुजा. रचना हाती आल्यावर तिचा अभ्यास झाला आणि प्रथिनांचं एक नवं घराणंच उजेडात आलं. अमिलॉइड म्हणजे प्रथिनांच्या चिकट गुठळ्या, अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत सापडतात तशा. त्यांच्या विषारी परिणामापासून पेशीला वाचवण्यात या घराण्याचा हात असावा, असं दिसलं. 'असावा' हा शब्द तसाच ठेवतो, कारण मूळ निबंधातही तो दावा सावधपणेच केलेला आहे. तरी एक कोरा रकाना निदान पेन्सिलने भरला गेला.

फोटो झाला. बसण्याची जागा कशी शोधतात?

स्वीडनमधल्या 'ह्युमन प्रोटीन ॲटलास' प्रकल्पात मानवी पेशींचे लाखो सूक्ष्मदर्शी फोटो आहेत. प्रत्येकात एक प्रथिन हिरवं चमकवलेलं असतं. ते केंद्रकात दिसतं की पेशीच्या पडद्यावर की आणखी कुठे, हे डोळ्यांनी ओळखावं लागतं. २०१६ मध्ये हे फोटो 'ईव्ह ऑनलाइन' या अंतराळयुद्धाच्या ऑनलाइन गेममध्येच टाकले गेले. खेळाडूंनी लढाईच्या मधल्या वेळात फोटो ओळखायचे आणि गेममधली बक्षिसं मिळवायची. वर्षभरात तीन लाख २२ हजार खेळाडूंनी सुमारे ३ कोटी ३० लाख वर्गीकरणं केली. 'रॉड्स अँड रिंग्ज' नावाची एक दुर्मीळ रचना पेशीत कधी कधी दिसते. तिच्यात आढळणारी काही नवी प्रथिनं या खेळाडूंच्या नजरेतून हाती लागली.

याच ॲटलासचं २०१७ चं एक निरीक्षण: तपासलेल्या १२,००३ प्रथिनांपैकी जवळपास निम्मी एकाहून अधिक ठिकाणी सापडली. म्हणजे कचेरीतले निम्मे लोक दोन-दोन टेबलांवर बसतात. कामाचा रकाना भरणं अवघड का आहे, ते यावरून कळेल.

वर्गातली मुलं हे करू शकतात?

करतात. क्षयाच्या जिवाणूचा जनुकसंच १९९८ मध्ये वाचला गेला. सुमारे ४,००० जनुकं निघाली, आणि तेव्हा त्यातल्या १६ टक्के प्रथिनांचं कुठल्याच ज्ञात प्रथिनाशी साम्य नव्हतं. भारतात सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने २००८ मध्ये 'ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी' हा खुला प्रकल्प सुरू केला. त्यात २०१० मध्ये 'कनेक्ट टू डीकोड' या उपक्रमाखाली ठिकठिकाणचे शेकडो विद्यार्थी एकत्र आले. विखुरलेले शोधनिबंध वाचून कोणतं प्रथिन काय करतं आणि कुणाशी जोडलेलं आहे, याच्या नोंदी त्यांनी केल्या. त्यातून तयार झालेला संबंधांचा नकाशा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. यात गेम नव्हता, चमचमाट नव्हता. वाचायचं आणि लिहायचं. माझ्या मते असंच काम सर्वांत जास्त टिकतं.

दुसरा उपक्रम अमेरिकेत सुरू झालेला 'सी-फेजेस'. पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी मातीतून जिवाणूभक्षी विषाणू म्हणजे फेज शोधतात, त्याचा जनुकसंच वाचतात आणि प्रत्येक जनुकासमोर काम लिहायचा प्रयत्न करतात. बहुतेक जनुकांसमोर 'अज्ञात' लिहावं लागतं, इतके हे विषाणू अनोळखी. फेज शोधण्याच्या अशाच उपक्रमात २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये एका विद्यार्थिनीला सडलेल्या वांग्यावर एक फेज मिळाला. आठ वर्षांनी लंडनमध्ये १५ वर्षांच्या एका मुलीवर तो वापरला गेला. तिच्या फुप्फुसांचं प्रत्यारोपण झालं होतं आणि क्षयाच्या जिवाणूच्या भाऊबंदातल्या एका जिवाणूवर कोणतंही औषध चालत नव्हतं. तिला तीन फेजचं मिश्रण दिलं. त्यातले दोन फेज स्वभावाने मवाळ होते. जिवाणूला न मारता त्याच्या आत गपचूप राहायची त्यांना सवय. त्यांना मवाळ ठेवणारं प्रथिन कोणतं हे माहीत होतं, म्हणून ते जनुक काढून टाकून त्यांना मारक बनवता आलं. मुलीच्या जखमा भरू लागल्या आणि यकृताचं काम सुधारलं. एका रुग्णावरून उपचार सिद्ध होत नाही. पण कामाचा एक रकाना भरलेला असल्याने काय करता येतं, ते इथे दिसतं.

हौशी माणसं चुका करणार नाहीत का?

भरपूर करतात, आणि ते धरूनच रचना केलेली असते. ईव्ह ऑनलाइनमध्ये एकच फोटो अनेकांना दाखवला जायचा, आणि उत्तर आधीच माहीत असलेले फोटो मध्ये मध्ये पेरून प्रत्येक खेळाडूची अचूकता मोजली जायची. फोल्डइटमध्ये तर खेळाडूंनी गुणपद्धतीतल्या पळवाटा शोधल्या आणि गुण भरपूर पण प्रत्यक्षात टिकणार नाहीत अशा रचना केल्या. शास्त्रज्ञांनी त्यावरून नियम सुधारले. पुढे खेळाडूंनी नव्याने रचलेली १४६ प्रथिनं प्रयोगशाळेत बनवून पाहिली, त्यातली ५६ ठरल्याप्रमाणे स्थिर घडीची निघाली. हा निकाल २०१९ मध्ये 'नेचर'ने छापला.

आणि चुका फक्त हौशींच्याच असतात हा गैरसमज आहे. २००९ च्या एका अभ्यासात विकरांची म्हणजे एन्झाइम्सची ३७ कुळं घेऊन प्रथिनांच्या मोठ्या माहितीसाठ्यांमधल्या नोंदी तपासल्या. संगणकाने आपोआप भरलेल्या साठ्यांमध्ये चुकीच्या नोंदींचं सरासरी प्रमाण गटागणिक ५ पासून ६३ टक्क्यांपर्यंत होतं. एक प्रथिन दुसऱ्यासारखं दिसतं म्हणून त्याचं काम उतरवून घेतलं जातं, मग त्यावरून तिसऱ्याचं, आणि पहिलीच नोंद चुकलेली असते. माणसांनी वाचून भरलेल्या 'स्विस-प्रॉट'मध्ये मात्र चुका जवळपास नव्हत्या. फक्त हा साठा पावणेसहा लाख नोंदींच्या आसपास आहे, आणि आपोआप भरलेल्या नोंदी कोट्यवधी.

आता एआय आलंय, मग माणसं कशाला?

ही शंका रास्त आहे. घडी ओळखण्याचं काम आता अल्फाफोल्ड बहुतेक वेळा खेळाडूंपेक्षा फार लवकर करतं. २०२२ पासून त्याच्या साठ्यात २० कोटींहून जास्त अंदाजित रचना आहेत. फोल्डइटचा तो काळ मागे पडला हे सरळ मान्य करावं. म्हणूनच त्या गेमचा भर नवी प्रथिनं रचण्याकडे वळला आहे.

पण अल्फाफोल्ड जे देतं तो फोटो आहे. फोटोवरून माणूस रोखपाल आहे की चौकीदार, ते नेहमी कळत नाही. शिवाय मानवी प्रथिनांचा पहिला संच २०२१ मध्ये आला तेव्हा एकूण अमिनो आम्लांपैकी ५८ टक्क्यांचीच जागा खात्रीने सांगता आली होती. उरलेल्या भागांपैकी बऱ्याच भागांना स्थिर आकारच नसतो. जोडीदार प्रथिन भेटेपर्यंत ते सैल लोंबत राहतात. आणि एआय शिकतं ते आधीच्या नोंदींवरून. जिथे नोंदीच नाहीत किंवा उसन्या घेतलेल्या आहेत, तिथे ते आत्मविश्वासाने जुनीच चूक पुढे नेऊ शकतं.

ही फुकटची मजुरी नाही का?

काही ठिकाणी आहेच. आपण दिलेल्या वेळातून आलेली माहिती सर्वांना खुली आहे का, आणि श्रेय कसं दिलं जातं, हे आधी बघावं. फोल्डइटच्या २०१० च्या 'नेचर'मधल्या निबंधात लेखक म्हणून ५७,००० हून अधिक खेळाडूंचा एकत्रित उल्लेख होता. ही चांगली सुरुवात होती, पण इतक्या जणांत वाटलेलं श्रेय एकेकट्याच्या पदरात फारसं काही टाकत नाही. प्रकल्पाची माहिती आणि निकाल खुले नसतील तर मी तरी वेळ देणार नाही.

कुणाला करून बघायचं असेल तर

फोल्डइट अजून सुरू आहे आणि त्याचे सुरुवातीचे धडे शाळेतल्या विज्ञानावर जमतात. 'झूनिव्हर्स' या लोकसहभागी विज्ञानाच्या संकेतस्थळावर पेशींचे फोटो ओळखण्याचे प्रकल्प येत-जात असतात. वाचायची आवड असणाऱ्यांसाठी मात्र दुसरी दोन कामं जास्त गरजेची आहेत. विकिपीडियावर २००८ पासून 'जीन विकी' उपक्रमातून मानवी जनुकांवर हजारो लेख तयार झाले. त्यातले कित्येक अजून चार ओळींचे आहेत. 'युनिप्रॉट' या प्रथिनांच्या जागतिक माहितीसाठ्यात एखाद्या प्रथिनाच्या पानाला संबंधित शोधनिबंध कुणालाही जोडता येतो. त्यासाठी 'ऑर्किड' हा संशोधकांचा ओळख क्रमांक लागतो. तो मोफत मिळतो आणि पदवी विचारत नाही. तुम्ही जोडलेली नोंद तिथले तज्ज्ञ आधी तपासतात आणि मगच ती पानावर दिसते.

घरबसल्या न होणारं काम एकच: रजेवर पाठवून बघण्याचं. तुमच्या नोंदीवरून एखाद्या प्रथिनाबद्दल अंदाज बांधता येईल, पण त्याचं जनुक बंद करून माशीचं किंवा पेशीचं काय होतं ते बघायला प्रयोगशाळा आणि अनुदानच लागेल. तेव्हा त्या अर्जातल्या 'हे प्रथिन महत्त्वाचं का?' या प्रश्नाखाली लिहायला मात्र काहीतरी असेल.